नाव तेच, पत्ता भलताच: क्लस्टर उठत नाही तेव्हा

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. सर्व्हर एकेकटा सुरू होतो, पण तीन-चार मशीनचा क्लस्टर (एकत्र काम करणारा संच) म्हणून उभा राहत नाही, आणि लॉगमध्ये कुठेतरी होस्टनेमवर, म्हणजे मशीनच्या नावावर, बोट ठेवलेलं असतं. उत्तरांकडे वळण्याआधी लॉगमधल्या तीन संदेशांतला फरक सांगतो, कारण बहुतेक वाचकांचा वेळ तो न ओळखल्यामुळेच गेला आहे.

"अननोन होस्ट" किंवा "नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन" याचा अर्थ नावावरून आयपी मिळालाच नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर आयपी मिळाला, त्या मशीनपर्यंत पोचताही आलं, पण त्या आयपीच्या त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. "टाइम्ड आउट" म्हणजे वाटेत फायरवॉल पाकिटं गिळतोय किंवा आयपी दुसऱ्याच नेटवर्कचा आहे. नावाची चूक तिन्ही रूपांत समोर येऊ शकते. सगळ्यात फसवं रूप दुसरं, कारण तिथे नावाला आयपी मिळालेला असतो, फक्त चुकीचा. कमांड, फायली आणि सेटिंग यांची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटूच्या चार मशीनवर हडूप ३ (अनेक मशीनवर मिळून डेटा साठवणारी प्रणाली) बसवलं आहे. एक मास्टर आणि तीन वर्कर. मास्टरवर जेपीएस (चालू जावा प्रोग्रॅमांची यादी) केल्यावर नेमनोड (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारा) दिसतो, वर्करवर डेटानोडही (प्रत्यक्ष डेटा साठवणारे) दिसतात. ९८७० पोर्टवरचं वेब पान दुसऱ्या मशीनवरूनही उघडतं, पण लाइव्ह नोड शून्य. वर्करच्या लॉगमध्ये "रिट्राइंग कनेक्ट टू सर्व्हर: मास्टर/१९२.१६८.१.१०:९०००" ही ओळ सतत येते. पिंग दोन्हीकडून होतं, फायरवॉल बंद आहे. नेमनोड दोनदा फॉरमॅट करून पाहिला. आता काय करावं? (नाशिक)

उत्तर: आधी एक विनंती: तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका. कारण पुढे सांगतो.

मास्टरवर "एसएस -टीएलएनपी" (कोणत्या आयपी-पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणारी कमांड) चालवा आणि ९००० असलेली ओळ शोधा. तिथे १९२.१६८.१.१०:९००० असायला हवं, पण बहुधा १२७.०.१.१:९००० दिसेल. १२७ ने सुरू होणारे सगळे आयपी मशीनचे स्वतःपुरते असतात, बाहेरून तिथे कुणालाच पोचता येत नाही. तुमचे वर्कर आपापल्या होस्ट्स फायलीत बघून १९२.१६८.१.१० वर जातात. त्या आयपीच्या ९००० वर कुणी नसल्यामुळे त्यांना तत्काळ नकार मिळतो. थोडं थांबून ते पुन्हा जातात, पुन्हा नकार.

१२७.०.१.१ तिथे कुठून आला? उबुंटू ज्या डेबियनवर उभं आहे, त्या डेबियनचा इन्स्टॉलर कायमचा आयपी नसलेल्या मशीनसाठी /एटसी/होस्ट्स या फायलीत "१२७.०.१.१ आणि मशीनचं नाव" अशी ओळ घालतो. घरच्या कॉम्प्युटरला ते सोयीचं आहे, नेटवर्क नसतानाही स्वतःचं नाव सापडतं. हडूपला मात्र ते मारक ठरतं. कोअर-साइट.एक्सएमएलमध्ये एफएस.डिफॉल्टएफएस या सेटिंगला तुम्ही "एचडीएफएस://मास्टर:९०००" दिलं आहे. नेमनोड सुरू होताना "मास्टर" म्हणजे कोण हे आपल्याच मशीनला विचारतो, १२७.०.१.१ असं उत्तर मिळतं आणि तो इमानेइतबारे तिथेच पोर्ट उघडून बसतो.

वेब पान उघडतं म्हणून नेमनोड ठीक आहे असं तुम्हाला वाटलं, आणि तसं वाटणं साहजिक होतं. पण त्या पानाचा पत्ता मुळात ०.०.०.०:९८७० असतो, म्हणजे मशीनच्या सगळ्या आयपींवर. त्याचा नावाशी संबंधच येत नाही. डेटानोड ज्या दाराने येतात ते दार वेगळं. मास्टरवरही डेटानोड चालवला असता तर लाइव्ह नोड १ दिसला असता. चारपैकी फक्त मास्टरवरचा डेटानोड लागणं ही या बिघाडाची सगळ्यात ओळखीची खूण आहे.

तपासायची सोपी युक्ती अशी: "होस्टनेम" ही कमांड लहान आय देऊन चालवली की मशीनच्या नावाला मिळणारा आयपी दिसतो, मोठा आय देऊन चालवली की नेटवर्क कार्डांवरचे खरे आयपी दिसतात. पहिला आयपी दुसऱ्या यादीत नसेल तर दुखणं सापडलं.

दुरुस्ती चारही मशीनवर करा. १२७.०.०.१ लोकलहोस्ट ही ओळ आहे तशीच राहू द्या. १२७.०.१.१ ची ओळ काढा आणि खाली हे लिहा:

१९२.१६८.१.१० मास्टर.लॅब.इंटर्नल मास्टर
१९२.१६८.१.११ वर्कर१.लॅब.इंटर्नल वर्कर१
१९२.१६८.१.१२ वर्कर२.लॅब.इंटर्नल वर्कर२
१९२.१६८.१.१३ वर्कर३.लॅब.इंटर्नल वर्कर३

क्रम महत्त्वाचा आहे. आयपीनंतरचं पहिलं नाव हे अधिकृत समजलं जातं, म्हणून पूर्ण नाव आधी आणि छोटं नंतर. पुढे केर्बेरॉस (ओळख तपासणारी सुरक्षा व्यवस्था) बसवाल तेव्हा हाच क्रम उलटा असल्यामुळे दिवस जातात. जुनी ओळ ठेवून नवी भर घालू नका. एकाच नावाला दोन आयपी राहिले तर कोणता उचलला जाईल याचा भरवसा नसतो. हॅश लावून जुनी ओळ बंद केलीत तरी चालेल. मग नेमनोड थांबवून पुन्हा सुरू करा आणि "एसएस" परत बघा. आता १९२.१६८.१.१०:९००० दिसलंच पाहिजे. ते दिसेपर्यंत वर्करला हात लावू नका.

लॅबमध्ये आयपी राउटरकडून मिळत असतील तर चारही मशीनचे मॅक ॲड्रेस देऊन राउटरमध्ये आयपी राखून ठेवा, नाहीतर सुट्टीनंतर सगळं पुन्हा बिनसेल. क्लाउडवरच्या मशीनमध्ये आणखी एक खोच आहे. क्लाउड-इनिटमध्ये (अशा मशीनची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्रॅम) "मॅनेज_एटसी_होस्ट्स" चालू असेल तर प्रत्येक बूटला होस्ट्स फाइल साच्यातून नव्याने लिहिली जाते आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. ते सेटिंग बंद करा किंवा दुरुस्ती साच्यातच करा.

आता फॉरमॅटबद्दल. दर फॉरमॅटला नेमनोड नवा क्लस्टर आयडी घेतो. एखादा डेटानोड जुन्या आयडीशी आधी जोडला गेला असेल, तर त्याच्या डेटा फोल्डरमधल्या करंट/व्हर्जन या फायलीत जुनाच आयडी असतो. नावाचा घोळ मिटल्यावर असा डेटानोड "इनकम्पॅटिबल क्लस्टरआयडीज" म्हणून बंद पडेल. लॅबमध्ये डेटा काहीच नाही, तेव्हा डेटानोडचा डेटा फोल्डर रिकामा करून तो पुन्हा सुरू करणं सरळ. ज्या क्लस्टरमध्ये खरा डेटा आहे तिथे मात्र असं कधीही करू नका. तिथे फॉरमॅटच चूक होती.

याच वळणावर आणखी एक अडथळा भेटतो: "डेटानोड डिनाइड कम्युनिकेशन विथ नेमनोड बिकॉज होस्टनेम कॅनॉट बी रिझॉल्व्ह्ड". येणाऱ्या डेटानोडचा आयपी घेऊन नेमनोड उलट दिशेने त्याचं नाव शोधतो आणि न मिळाल्यास नोंदणी नाकारतो. वर दिलेल्या ओळी मास्टरवरही असतील तर उलटा शोधही त्याच फायलीतून होतो. उलटी नोंद ठेवणं शक्यच नसेल अशा ठिकाणी डीएफएस.नेमनोड.डेटानोड.रजिस्ट्रेशन.आयपी-होस्टनेम-चेक हे सेटिंग "फॉल्स" करतात.

डीएफएस.नेमनोड.आरपीसी-बाइंड-होस्ट ला ०.०.०.० द्यावं असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याने नेमनोड सगळ्या आयपींवर ऐकू लागतो आणि लाइव्ह नोड दिसतातही. दोन नेटवर्क कार्डं असलेल्या मशीनवर तो उपाय योग्य आहे. तुमच्या बाबतीत आम्ही तो सुचवणार नाही, कारण मास्टरला स्वतःचं नाव चुकीचंच माहीत राहतं आणि उद्या हडूपसोबतचे यार्न किंवा एचबेस बसवताना तीच चूक वेगळ्या पोर्टवर भेटते.

प्रश्न: तीन मशीनचं झूकीपर (क्लस्टरमधल्या मशीनचा ताळमेळ ठेवणारा प्रोग्रॅम). "एनएसलुकअप झेडके२.लॅब.लोकल" केलं की बरोबर आयपी येतो, पण झूकीपरच्या लॉगमध्ये त्याच नावासाठी "अननोन होस्ट एक्सेप्शन" येतं. जावाचं काही वेगळं आहे का? (पुणे)

उत्तर: वेगळं वागतं ते एनएसलुकअप. एनएसलुकअप आणि डिग ही दोन्ही थेट डीएनएस सर्व्हरशी बोलतात. होस्ट्स फाइल ती वाचत नाहीत आणि /एटसी/एनएसस्विच.कॉन्फ मधला क्रमही पाळत नाहीत. जावा, एसएसएच, पिंग हे सगळे मात्र सिस्टिमच्या सी लायब्ररीमार्फत जातात आणि तो क्रम पाळतात. म्हणून क्लस्टरच्या तपासात कमांड वापरायची ती "गेटएंट एहोस्ट्सव्ही४" आणि पुढे नाव. प्रोग्रॅमला जे उत्तर मिळणार तेच ती दाखवते. होस्ट्स फायलीत नोंद आहे, पिंग होतं, पण एनएसलुकअप "नाही" म्हणतं, असं उलटं पत्रही आलं आहे. त्याचंही कारण हेच, आणि तिथे काहीच बिघडलेलं नाही.

तुमच्याकडे नाव ".लोकल" ने संपतं, मेख तिथेच आहे. हे टोक २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं, प्रिंटर वगैरे आपोआप सापडतात त्या पद्धतीसाठी. तुमच्या एनएसस्विच.कॉन्फमध्ये "होस्ट्स:" ची ओळ बहुधा अशी असेल: फाइल्स, मग एमडीएनएस४_मिनिमल, मग चौकोनी कंसात "नॉटफाउंड=रिटर्न", मग डीएनएस. अर्थ असा की ".लोकल" नाव मल्टिकास्टने सापडलं नाही तर तिथेच थांब, डीएनएसला विचारूच नकोस. डीएनएसमध्ये नोंद अचूक आहे, पण तिच्यापर्यंत प्रश्न पोचतच नाही.

त्या ओळीत डीएनएसला पुढे आणलं तर काम होतं, पण प्रत्येक नव्या मशीनवर ते लक्षात ठेवावं लागतं. आमचं मत, डोमेनच बदला. ".इंटर्नल" हे टोक आयकॅनने २०२४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलं आहे, ते घ्या.

नावं बदलल्यावर एक तपासणी जरूर करा. प्रत्येक मशीनवर एसएसएचने जाऊन प्रत्येक मशीनचं नाव गेटएंटला विचारा, स्वतःचं धरून. तीन मशीन म्हणजे नऊ उत्तरं. ती कागदावर अशी मांडली की चूक लपत नाही:

झेडके१ वर विचारलं: झेडके१ = १२७.०.१.१, झेडके२ = १०.०.०.१२, झेडके३ = १०.०.०.१३
झेडके२ वर विचारलं: झेडके१ = १०.०.०.११, झेडके२ = १०.०.०.१२, झेडके३ = १०.०.०.१३
झेडके३ वर विचारलं: झेडके१ = १०.०.०.११, झेडके२ = १०.०.०.२२, झेडके३ = १०.०.०.१३

उभा स्तंभ वाचायचा, आडवी ओळ नाही. एकाच नावाचा स्तंभ वरपासून खालपर्यंत सारखा हवा. इथे पहिल्या स्तंभात झेडके१ स्वतःला लूपबॅक (१२७ चा स्वतःपुरता आयपी) समजतो आणि दुसऱ्या स्तंभात झेडके३ कडे जुना आयपी पडून आहे. फक्त एका मशीनवर बसून तपासलं असतं तर यातली एकच चूक दिसली असती, झेडके२ वर बसलं असतं तर एकही नाही.

लॉग वाचतानाही एक सवय लावून घ्या. जावा "नाव/आयपी:पोर्ट" असं छापतं. "कॅनॉट ओपन चॅनल टू २ ॲट इलेक्शन ॲड्रेस झेडके२/१०.०.०.२२:३८८८" या ओळीत स्लॅशनंतरचा भाग म्हणजे जावाला मिळालेलं उत्तर. आधी तो वाचा. तिथे "अनरिझॉल्व्ह्ड" असेल तर नावच सापडलेलं नाही. आणि पहिलं झूकीपर एकटं सुरू केल्यावर ही ओळ येणारच, त्याने घाबरू नका. तिघांपैकी दोघं भेटेपर्यंत ती येत राहते.

जावा उत्तरं काही काळ लक्षात ठेवतं, हेही विसरू नका. सेटिंग बदललेलं नसेल तर मिळालेला आयपी साधारण ३० सेकंद आणि "सापडलं नाही" हे उत्तर १० सेकंद. शिवाय काही प्रोग्रॅम सुरुवातीला मिळालेला आयपी स्वतःकडेच धरून बसतात. नोंद दुरुस्त केल्यावर प्रोसेस पुन्हा सुरू करणंच बरं.

प्रश्न: हडूप सुरू करणारी स्टार्ट-डीएफएस ही स्क्रिप्ट चालवल्यावर "एसएसएच: कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम हॉटस्पॉट", मग "होस्टनेम वॉर्निंग", "होस्टनेम गार्ड" असे ढीगभर संदेश येतात. या नावांची मशीन आमच्याकडे नाहीतच! (कोल्हापूर)

प्रश्न: माझ्याकडे संदेशच तुटका येतो. ओळीच्या सुरुवातीला ": नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन" आणि पुढे अर्धवट अक्षरं. हाताने "एसएसएच नोड२" केलं की लगेच जोडणी होते. (औरंगाबाद)

उत्तर: दोन्ही पत्रांत डीएनएस निर्दोष आहे. स्क्रिप्टला नावांची यादीच खराब मिळते आहे.

पहिल्या पत्रातले शब्द जुळवून वाचा: "जावा हॉटस्पॉट ... वॉर्निंग ... स्टॅक गार्ड". जावाने दिलेल्या इशाऱ्याचं ते वाक्य आहे. स्क्रिप्ट नेमनोडचं नाव मिळवायला "एचडीएफएस गेटकॉन्फ -नेमनोड्स" ही कमांड चालवते आणि तिचं जे काही उत्तर येईल त्यातल्या प्रत्येक शब्दाला मशीनचं नाव समजते. हडूप २ च्या सुरुवातीच्या तयार पॅकेजमध्ये नेटिव्ह लायब्ररी ३२ बिटची होती. ६४ बिटच्या जावाने ती उघडताना इशारा छापला की तो सरळ यादीत शिरतो. ती कमांड स्वतः हाताने चालवा, उत्तरात फक्त मशीनचं नाव यायला हवं. मग ६४ बिटची नेटिव्ह लायब्ररी बसवा आणि हडूप_ऑप्ट्स मध्ये जावा.लायब्ररी.पाथ तिच्या फोल्डरकडे वळवा. हडूप २ शिकण्यापुरतंच असेल तर मात्र त्यात वेळ घालवू नका, हडूप ३ घ्या.

दुसऱ्या पत्रात वर्कर्स फाइल (वर्कर मशीनच्या नावांची यादी) विंडोजवर लिहिलेली आहे. विंडोज ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे एक जास्तीचं न दिसणारं अक्षर ठेवतं, लिनक्स ते नावाचाच भाग समजतं. म्हणजे शोध "नोड२" चा होत नाही, "नोड२ आणि कॅरेज रिटर्न" याचा होतो. संदेश तुटका दिसतो त्याचं कारणही तेच अक्षर: छापताना ते कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतं आणि उरलेला मजकूर आधीच्या अक्षरांवर चढतो. "कॅट" ही कमांड मोठा ए देऊन फायलीवर चालवा. ओळींच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह हवं. त्याच्या आधी टोपी आणि एम दिसला तर निदान पक्कं. "डॉसटूयुनिक्स" चालवून फाइल साफ करा. एक्सेलमधून किंवा चॅटवरून नावं चिकटवली असतील तर शेवटी राहिलेली मोकळी जागाही बघा. हडूप २ मध्ये याच फायलीचं नाव "स्लेव्ह्ज" होतं. जुन्या ट्यूटोरियलवरून हडूप ३ बसवणारे स्लेव्ह्ज भरतात आणि वर्कर्समध्ये नुसता लोकलहोस्ट राहतो.

प्रश्न: डॉकर कंटेनरचं (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणाऱ्या डब्याचं) नाव हडूप_मास्टर ठेवलं. पिंग होतं, गेटएंटही आयपी देतं, तरी हडूप "डझ नॉट कंटेन अ व्हॅलिड होस्ट:पोर्ट ऑथॉरिटी" म्हणून मरतं. (ठाणे)

उत्तर: अंडरस्कोर काढा, हायफन घाला. होस्टनेममध्ये अक्षरं, अंक आणि हायफन एवढंच चालतं. जावाचा यूआरआय वाचणारा वर्ग नियम काटेकोर पाळतो आणि अंडरस्कोर दिसला की होस्टच नाही असं उत्तर देतो. सी लायब्ररी तेवढी कडक नाही, म्हणून पिंग होतं. डॉकर कंपोजची जुनी आवृत्ती कंटेनरची नावं अंडरस्कोर घालूनच बनवत असे, त्यामुळे ही चूक फार पसरली. कंपोज फायलीत "होस्टनेम:" स्वतः लिहून द्या.

प्रश्न: ऑफिसमधल्या सर्व्हरवर डॉकरमध्ये काफ्का (प्रोग्रॅमांमध्ये संदेश पोचवणारी प्रणाली) आहे. सर्व्हरवर कंटेनरमध्ये शिरून प्रोड्यूसर (संदेश पाठवणारा), कन्झ्यूमर (घेणारा) दोन्ही चालतात. लॅपटॉपवरून जोडलं की सुरुवातीला जोडणी होते आणि मग बारा अक्षरी विचित्र नावासाठी "अननोन होस्ट" येतं. पोर्ट ९०९२ उघडा आहे. (नागपूर)

उत्तर: काफ्काशी जोडणी दोन टप्प्यांत होते. लॅपटॉप आधी तुम्ही दिलेल्या बूटस्ट्रॅप पत्त्यावर जातो आणि क्लस्टरमध्ये कोण कोण आहे ते विचारतो. ब्रोकर (काफ्काचा सर्व्हर) यादी देतो: अमुक क्रमांकाचा ब्रोकर अमुक नावावर. लॅपटॉप पहिला पत्ता बाजूला ठेवून त्या यादीतल्या नावांकडे जातो. तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये ॲडव्हर्टाइज्ड.लिसनर्स दिलेलं नाही, म्हणून ब्रोकरने स्वतःच्या मशीनचं नाव सांगितलं. कंटेनरच्या आत ते नाव म्हणजे कंटेनर आयडीची पहिली बारा अक्षरं. ते नाव तुमच्या लॅपटॉपला कसं माहीत असणार?

लिसनर्स म्हणजे ब्रोकर कुठे ऐकतो, ॲडव्हर्टाइज्ड.लिसनर्स म्हणजे लोकांना कुठे यायला सांगतो. ही दोन सेटिंग वेगवेगळी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की काफ्काच्या निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. डॉकरमध्ये आतून येणारे आणि बाहेरून येणारे वेगळे, म्हणून दोन दारं ठेवा:

लिसनर्स = इंटर्नल://०.०.०.०:२९०९२, एक्सटर्नल://०.०.०.०:९०९२
ॲडव्हर्टाइज्ड.लिसनर्स = इंटर्नल://काफ्का१:२९०९२, एक्सटर्नल://१९२.१६८.१.२०:९०९२
इंटर.ब्रोकर.लिसनर.नेम = इंटर्नल

लिसनर.सिक्युरिटी.प्रोटोकॉल.मॅप मध्ये दोन्ही नावं प्लेनटेक्स्टला जोडायला विसरू नका, नाहीतर ब्रोकर सुरूच होणार नाही. क्राफ्ट पद्धतीने (झूकीपरशिवाय) चालवत असाल तर कंट्रोलरचं दारही या याद्यांत लागेल. ॲडव्हर्टाइज्डमध्ये ०.०.०.० लिहिलं तर काफ्का स्वतःच नकार देतो, ते बरंच आहे. लोकलहोस्ट लिहिलं तर मात्र तो काही बोलत नाही आणि प्रत्येक क्लायंट स्वतःच्याच मशीनवर ब्रोकर शोधत बसतो.

तपासायला "केकॅट" हे छोटं साधन लॅपटॉपवर घ्या आणि बी नंतर सर्व्हरचा पत्ता, पुढे मोठा एल असं चालवा. ब्रोकर कोणती नावं वाटतोय ते जसंच्या तसं छापून येतं.

प्रश्न: कुबरनेटिसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी व्यवस्था) स्टेटफुलसेटने तीन झूकीपर. झेडके-० सुरू होतो, "झेडके-१.झेडके-एचएस" अननोन होस्ट म्हणतो आणि काही मिनिटांनी रीस्टार्ट होतो. झेडके-१ तर तयारच होत नाही. (बंगळुरू)

उत्तर: हा "तू आधी की मी आधी" असा पेच आहे. स्टेटफुलसेट म्हणजे ठरलेल्या नावांच्या पॉडचा (कंटेनरच्या गटांचा) संच. त्याची मूळ पद्धत क्रमवार असते: झेडके-० "रेडी" झाल्याशिवाय झेडके-१ जन्माला येत नाही. तुमचा रेडिनेस प्रोब (पॉड कामाला तयार आहे का याची तपासणी) बहुधा कोरम (बहुमत) जमला का ते विचारतो, आणि कोरमला दोघं लागतात. झेडके-१ येत नाही म्हणून झेडके-० रेडी होत नाही, आणि झेडके-० रेडी होत नाही म्हणून झेडके-१ येत नाही. मधे लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का याची तपासणी) झेडके-० ला मारत राहतो.

पॉडमॅनेजमेंटपॉलिसी "पॅरलल" करा, म्हणजे तिन्ही एकदम उठतील. एवढ्याने भागत नाही. हेडलेस सर्व्हिस (प्रत्येक पॉडला डीएनएसमध्ये वेगळं नाव देणारी) रेडी नसलेल्या पॉडचं नाव डीएनएसमध्ये घालतच नाही, त्यामुळे तिघंही एकमेकांना, आणि स्वतःलाही, सापडणार नाहीत. त्या सर्व्हिसमध्ये पब्लिशनॉटरेडीॲड्रेसेस "ट्रू" करा. क्लायंटसाठी २१८१ ची वेगळी साधी सर्व्हिस ठेवा, म्हणजे अर्धवट उठलेल्या पॉडकडे ते जाणार नाहीत. झूकीपरला कोरमलिसनऑनऑलआयपीज "ट्रू" दिलं की स्वतःचं नाव सापडायला उशीर झाला तरी २८८८ आणि ३८८८ पोर्ट उघडतात.

तरीही नाव मिळत नसेल तर स्टेटफुलसेटमधलं सर्व्हिसनेम आणि हेडलेस सर्व्हिसचं नाव अक्षरशः एकच आहे का ते बघा. एका अक्षराचा फरक असला तरी कुबरनेटिस तक्रार करत नाही, फक्त पॉडची नावं तयार होत नाहीत. नवा पॉड आल्यावर अर्धा मिनिट नाव न सापडणंही शक्य आहे, कारण कोअरडीएनएस (कुबरनेटिसचा डीएनएस सर्व्हर) "नाही" हे उत्तरही काही काळ जपून ठेवतो. लाइव्हनेस प्रोबची पहिली तपासणी त्यानंतर येईल असं बघा.

"बाकीच्यांची नावं सापडेपर्यंत थांब" असा इनिट कंटेनर (मुख्य प्रोग्रॅमच्या आधी चालणारा) घालण्याचा मोह होईल. क्रमवार पद्धत ठेवून तो घातला तर झेडके-० कायमचा थांबून राहील.

प्रश्न: वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप उठतात, पण क्लस्टरची सर्व्हिस "अननोन होस्ट" म्हणून पडलेली असते. हाताने सुरू केली की लगेच चालते. (सांगली)

उत्तर: सर्व्हिस नेटवर्कच्या आधी उठते आहे. सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) युनिट फायलीत "आफ्टर=नेटवर्क.टार्गेट" पुरेसं नाही, आयपी मिळाल्याची हमी ते देत नाही. "वॉन्ट्स=" आणि "आफ्टर=" या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लिहा आणि तुमच्या नेटवर्क व्यवस्थेची "वेट-ऑनलाइन" सर्व्हिस चालू आहे का ते पाहा. तुमचा डीएनएस सर्व्हरही त्याच विजेवर असेल तर तो उठायला आणखी वेळ घेईल, म्हणून "रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर" आणि "रीस्टार्टसेक=१०" द्या. रीस्टार्टसेक न देता नुसतं रीस्टार्ट लिहिलं तर सिस्टिमडी काही क्षणांत पाच वेळा प्रयत्न करून हात टेकतो.

प्रश्न: सर्व्हरची नावं नव्या पद्धतीनुसार बदलली. रॅबिटएमक्यू (संदेश रांगेत ठेवून पोचवणारा सर्व्हर) व्यवस्थित सुरू झालं, पण सगळ्या क्यू (संदेशांच्या रांगा) आणि युजर गायब! डेटा गेला का? (पणजी)

उत्तर: गेला नाही. रॅबिटएमक्यूचा नोड "रॅबिट@होस्टनेम" या नावाने ओळखला जातो आणि डेटाचा फोल्डरही त्याच नावाचा असतो. होस्टनेम बदलल्यावर त्याने नव्या नावाचा रिकामा फोल्डर उघडला. /व्हार/लिब/रॅबिटएमक्यू/मनेशिया मध्ये बघा, जुन्या नावाचा फोल्डर शेजारीच असेल.

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे नोडला जुनं नाव परत देणं. सगळे नोड थांबवा. प्रत्येकाच्या रॅबिटएमक्यू-एनव्ही.कॉन्फ मध्ये "नोडनेम=रॅबिट@जुनं-नाव" लिहा आणि सगळ्या मशीनच्या होस्ट्स फायलीत प्रत्येक जुन्या नावासमोर त्या मशीनचा खरा आयपी द्या. जो नोड शेवटी बंद झाला होता तो आधी सुरू करा.

नव्या नावांत टिंब असेल, म्हणजे एमक्यू१.लॅब.इंटर्नल अशी ती असतील, तर आणखी एक अट येते. अर्लांग (रॅबिटएमक्यू जिच्यात लिहिलं आहे ती भाषा) छोटी आणि लांब नावं एकत्र चालवत नाही. लांब नावं हवीत तर रॅबिटएमक्यू_यूज_लाँगनेम "ट्रू" हे सगळ्या नोडवर आणि रॅबिटएमक्यूसीटीएल चालवता त्या शेलमध्येही हवं. नाव बरोबर आहे, ४३६९ आणि २५६७२ ही पोर्टं उघडी आहेत, तरी नोड एकमेकांना नाकारत असतील तर तो नावाचा प्रश्न राहिला नाही. तिन्ही मशीनवरची .अर्लांग.कुकी फाइल सारखी आहे का ते ताडून बघा.

आणि यातलं काहीही करण्याआधी, नोड बंद असताना, जुन्या नावाच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. नवा रिकामा फोल्डर जागा अडवतोय म्हणून साफसफाई करायला गेलात तर नाव दोनदा वाचून मगच पुसा.